जळालेलं घर घ्यायला घरकर्ज: आमच्या तालुक्याच्या शाखेला पाचपैकी तीन तारे

कंपनीचं नाव लिहीत नाही. शाखेतल्या पोरांशी रोजचा रामराम आहे आणि खोट त्यांच्यात नाही, त्यांच्या नियमात आहे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, माझी पिठाची चक्की. चक्कीला लागून असलेलं जळालेलं घर घेऊन दुरुस्त करायला एका खाजगी घरकर्ज कंपनीचं कर्ज काढलं, त्याचा हा अनुभव.

घर जळलं कापसानं. २०२२ मध्ये कापसानं क्विंटलला दहा हजारांच्या वरचा भाव दाखवला आणि तेव्हापासून भाव येईस्तोवर माल घरातच धरून ठेवायची आमच्याकडची खोड आणखी पक्की झाली. मागच्या स्लॅबच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस आणि त्यातूनच गेलेली जुनी वायर. कापसाची आग वरून विझली तरी आत धुमसतच राहते. नगरपरिषदेचा बंब येईपर्यंत लोकांनी फवारणीच्या पंपांनी पाणी मारलं. मालक नंतर नागपूरला पोराकडे गेले आणि घर विकायला काढलं. सौदा साडेसहा लाखांत ठरला.

सरकारी बँकेत ‘जळकं घर’ म्हणताच फाइल परत आली होती. या कंपनीनं निदान ऐकून तरी घेतलं. व्याज दीड टक्क्यानं जास्त, पण दार उघडलं.

त्यांच्या वकिलाचं काम मात्र खरंच चोख. गावठाणातल्या घराला आमच्याकडे वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, हेच सगळं असं धरतात. वकिलानं स्वामित्व योजनेतलं, ड्रोनच्या मोजणीवर निघालेलं मिळकत पत्रक, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, मागितलं. त्यावर मालकाच्या मयत वडिलांचं नाव निघालं, आणि मागचा कोठा तर पत्रकात नव्हताच. वारस नोंद झाली, दोन बहिणींच्या सह्या झाल्या, तेव्हाच खरेदीखत. हे मी एकट्यानं केलं असतं तर नमुना ८ पाहून पैसे मोजले असते. खरेदी सौ.च्या नावानं केली. बाईच्या नावानं राहतं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, तीही त्यांनीच सांगितली.

आता रडगाणं. किंमत काढायला आलेला इंजिनीअर ओसरीत उभा राहून म्हणाला, “काकाजी, मी जे उभं आहे त्याचेच पैसे लिहितो.” जागेचे चार लाख ऐंशी हजार, बांधकामाचे चाळीस हजार. त्याच्या ऐंशी टक्के म्हणजे चार लाख सोळा हजार मंजूर. रिझर्व्ह बँक तीस लाखांपर्यंतच्या घरकर्जात किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ देते, पण ती वरची मर्यादा, आपला हक्क नाही. आणि सौद्याची किंमत व त्यांनी काढलेली किंमत यात जी कमी, तीच धरतात. वरचे दोन लाख चौतीस हजार आणि मुद्रांक शुल्क माझ्या खिशातून गेले.

पण त्या चाळीस हजारांत काय होतं ते ऐका. अमरावतीहून मी वेगळा स्ट्रक्चरल इंजिनीअर आणला. त्यानं हातोड्यासारखं यंत्र टेकवून आणि काँक्रीटमधून ध्वनीच्या लहरी पाठवून तपासलं. कापसाच्या खोलीतलं काँक्रीट गुलाबी पडलं होतं; साधारण तीनशे अंशांच्या पुढे तापलं की असा रंग येतो. म्हणाला, हा स्लॅब पाडा, रंग देऊन लपवू नका. पुढच्या ओसरीच्या सागवानी तुळया मात्र वरून कोळसा दिसत असूनही आतून ठणठणीत. जाड लाकूड मिनिटाला अर्धा मिलिमीटरच्या आसपास जळतं, आणि वरचा कोळसाच आतल्या लाकडाला आच लागू देत नाही. सुतारानं तासून काढल्यावर आत पिवळाधमक साग. आज तसा साग घ्यायचा म्हटलं तर चक्की विकावी लागेल. मातीच्या भिंतींना आगीनं काही केलं नाही. पाण्यानं एक भिंत फुगली, ती उतरवली. हा अहवाल कंपनीला दिला, तर म्हणे आमच्या पॅनेलवरचा इंजिनीअर नाही.

दुरुस्तीचं एस्टिमेट नऊ लाख, मंजूर सहा लाख तीस हजार, तेही तीन टप्प्यांत आणि आधी आपला वाटा खर्च करून. मी स्लॅब पाडला, मलबा ट्रॅक्टरनं नेला. तपासणीवाला आला, फोटो काढले आणि लिहून गेला, ‘प्रगती शून्य’. पाडकाम त्यांच्या कागदात कामच नाही! कॉलम उभे राहीपर्यंत मजुरी आणि सळया माझ्याच पैशानं. तपासणीची फी मात्र दरवेळी वेगळी.

सही करताना कर्जात आयुर्विम्याचा हप्ता मिसळलेला होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदाराला सगळ्या खर्चाचं एकत्र पत्रक, केएफएस, द्यावंच लागतं. त्यात तो आकडा दिसला. “हे काढा,” म्हटलं. पोरगा म्हणाला, “सगळेच घेतात जी.” लेखी मागितलं तेव्हा काढला. तुम्हीही ते पत्रक आधी वाचा. व्याज बदलता असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही, हेही विचारून घ्या.

हातात घराच्या किमतीच्या निम्मे पैसे नसतील तर अशा घराच्या भानगडीत पडू नका, कर्ज कोणाचंही असो. असतील तर ही शाखा वाईट नाही.

आता स्लॅब झाला, कवेलू बदलले, मीटर लागलं. गेल्या आठवड्यात शाखेतून फोन होता: “काकाजी, तुमच्या घराची किंमत वाढली, वरून आणखी टॉप-अप कर्ज घेता का?”