भुंकणे थांबवणारे श्राव्यातीत यंत्र : चार आठवड्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकायला लागला की आपोआप सुरू होऊन त्याला गप्प करणारे यंत्र म्हणून ऑनलाइन दुकानांत जी उपकरणे विकली जातात, त्यांपैकी एक मी २,३०० रुपयांना विकत घेतले आणि चार आठवडे वापरले. अशाच त्रासातून जाणारे अनेक जण ते घेण्याच्या विचारात असतील, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

कोथरूडमधील आमच्या इमारतीत आमची आणि शेजाऱ्यांची गॅलरी यांत जेमतेम पाच-सहा मीटरांचे अंतर आहे. शेजारच्या तरुण दांपत्याकडे ब्रूनो नावाचा तीन वर्षांचा बीगल आहे. बीगल ही इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी वाढवलेली जात; मागावर असताना दूरवरच्या शिकाऱ्याला ऐकू जाईल असा लांबवर जाणारा सूर त्यांच्या रक्तातच आहे. त्यामुळे ब्रूनोचे भुंकणे मध्येच हेल काढून विव्हळण्यात बदलते आणि बंद खिडकीतूनही आत येते. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्यांची रात्रीची झोप तुटपुंजी असल्याने सकाळी दहाच्या सुमारास त्यांचा डोळा लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी हा आवाज सुरू होत असे. मी घरी बसून अनुवादाचे काम करते. माझीही सकाळ वाया जाऊ लागली होती.

यंत्र पक्ष्यांसाठी टांगतात त्या लाकडी घरट्याच्या आकाराचे आहे, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि त्यात एक मायक्रोफोन आहे. भुंकण्याचा आवाज टिपला की ते माणसाला ऐकू न येणारा, अतिशय उच्च स्वराचा म्हणजेच श्राव्यातीत ध्वनी सोडते. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा) आवाज ऐकतो, कुत्र्याचा त्याच्या दुपटीहूनही वरचा. या फरकावर ते आधारलेले आहे. खोक्यावर पन्नास फुटांचा पल्ला छापलेला होता. बांधणी चांगली आहे, पावसाचे चार शिंतोडे त्याने सहन केले, आणि बसवायला एक खिळा पुरला.

पहिले दोन दिवस परिणाम जाणवला. ब्रूनो भुंके, मध्येच थांबे, पुन्हा एकदा चाचपून पाही आणि गप्प होई. तिसऱ्या दिवशी गप्प राहण्याचा काळ कमी झाला आणि आठवडा संपेपर्यंत सारे पूर्ववत झाले. एवढेच नव्हे, तर विव्हळणे वाढले असावे असे मला वाटले.

याचे एक कारण ध्वनीच्या स्वभावातच आहे आणि ते विकत घेण्यापूर्वीच मला सुचायला हवे होते. ध्वनीची लहर जितकी लांब, तितकी ती अडथळ्याला वळसा घालून पुढे जाते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्या हिशेबाने १,००० हर्ट्झच्या आवाजाची लहर ३४ सेंटिमीटरांची होते, तर २५,००० हर्ट्झच्या आवाजाची दीड सेंटिमीटरही नाही. म्हणून कुत्र्याचे भुंकणे भिंतीला वळसा घालून, सरकत्या खिडकीच्या फटीतून आपल्या खोलीपर्यंत पोहोचते, मात्र यंत्राचा ध्वनी काचेवर किंवा भिंतीवर आदळून मागे फिरतो आणि पडद्यासारख्या कापडातही बराचसा विरून जातो. शेजारी बाहेर जाताना गॅलरीचे काचेचे दार लावून जाऊ लागले, त्या दिवसापासून माझे यंत्र रिकाम्या गॅलरीवर आवाज सोडत होते.

दुसरी अडचण मायक्रोफोनची आहे. कुकरची शिट्टी, दार आपटणे, खाली रिक्षाचा हॉर्न, यांपैकी कशानेही यंत्र सुरू झाल्याचा दिवा लागत असे. म्हणजे ज्या शिक्षेचा भुंकण्याशी संबंध जोडला जावा अशी अपेक्षा आहे, ती कुत्रा शांत बसलेला असतानाही त्याला मिळत होती. शिवाय हा ध्वनी एकट्या ब्रूनोसाठी नव्हता. खालच्या मजल्यावरील वृद्ध लॅब्राडोर आमच्या बाजूच्या बागेत यायला तयार होईना, असे त्याच्या मालकीणबाईंनी सांगितले तेव्हा मला वाईट वाटले. सुट्टीत राहायला आलेल्या माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याला तर गॅलरीत बारीक, कानाला टोचणारी शिट्टी ऐकू येत होती. वयानुसार सर्वांत आधी उच्च स्वर ऐकण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे जे मला आणि सासूबाईंना ऐकू येत नव्हते ते त्या मुलाला येत होते. लहान मुले असलेल्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हे यंत्र मी शेजाऱ्यांना न सांगता लावले होते, आणि ते माझे चुकले. भाचा बोलून गेला त्या संध्याकाळी मी बॅटरी काढली, एक वही घेतली आणि पुढचे अकरा दिवस भुंकणे कधी सुरू होते व कधी थांबते याची नोंद ठेवली. माझ्या तोंडी ‘दिवसभर भुंकतो’ हे वाक्य इतके रुळले होते की वहीतले चित्र पाहून मला आश्चर्य वाटले. शेजारी नऊ वीसला बाहेर पडत, भुंकणे पाच मिनिटांत सुरू होई, पहिला पाऊण तास सर्वांत वाईट असे. दुपारी बराच वेळ शांतता आणि साडेचारनंतर पुन्हा एक झटका. सुट्टीच्या दिवशी वहीचे पान कोरे राहिले.

ती वही घेऊन मी त्यांच्याकडे गेले. “काकू, आम्ही घरी असतो तेव्हा तो आवाजही काढत नाही हो,” असे शेजारीण म्हणाली, आणि ते खरेच होते. त्यांना याची कल्पनाच नव्हती. यंत्राबद्दलही मी त्यांना सांगितले. क्षणभर दोघेही गप्प झाले, पण त्यांनी राग धरला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी जुना फोन घरात ठेवून चित्रीकरण केले. त्यात ब्रूनो दाराची चौकट ओरबाडत होता, धापा टाकत होता, खोलीभर येरझाऱ्या घालत होता. घरी आलेल्या श्वानवर्तन प्रशिक्षकांनी हे चित्रीकरण पाहताच सांगितले की हा खोडकरपणा नाही, एकटे राहण्याची भीती आहे. घाबरलेल्या जिवावर मी आणखी एका अदृश्य टोचणीची भर घालत होते, हे तेव्हा मला कळले.

प्रशिक्षकांची उपाययोजना संथ होती. सकाळी कामाला जाण्यापूर्वी पाऊण तास फिरवणे आणि त्यात वास घेत रेंगाळू देणे. चप्पल घालणे, किल्ली उचलणे या खुणा बाहेर न जाताही वारंवार करून त्यांचा अर्थ बोथट करणे. आधी अर्धा मिनिट, मग दोन, मग पाच, असे एकटेपण वाढवत नेणे, आणि तो घाबरण्याआधीच परत येणे. जाताना पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून, गोठवून देणे, म्हणजे तो चाटण्यात गुंततो. (त्यात कांदा किंवा मनुका चुकूनही जाऊ नयेत, दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत.) सुरुवातीचे काही आठवडे त्याला पूर्ण एकटे ठेवायचे नव्हते, म्हणून शेजाऱ्यांनी घरून काम करण्याचे दिवस वाटून घेतले आणि मंगळवारी व गुरुवारी तो सकाळी आमच्याकडे राहू लागला. सासूबाईंच्या पलंगाखाली तो झोपतो.

मधल्या काळात सोसायटीच्या बैठकीत कुत्रे पाळण्यावर बंदी घालण्याची भाषा झाली होती. तसा ठराव बहुमतानेही करता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. रहिवाशांचा शांततेचा हक्कही तितकाच खरा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. वेळा नोंदलेली वही तक्रारीसाठीही उपयोगी पडली असती, पण तशी वेळ आली नाही.

यंत्राला मी पाचपैकी एक गुण देते, तो केवळ बांधणीसाठी. कुत्रा उघड्या अंगणात असेल, मध्ये भिंत किंवा काच नसेल आणि तो केवळ येणाऱ्या-जाणाऱ्यांवर भुंकत असेल, तर काही दिवस फरक पडू शकेल, याहून अधिक मी म्हणू शकत नाही. ऑनलाइन दुकानांच्या याच पानांवर बाजूला दिसणारे विजेचा धक्का देणारे पट्टे तर कुणीही घेऊ नयेत. वेल्समध्ये त्यांच्यावर २०१० पासून बंदी आहे. विक्रेत्याने परतावा नाकारला, कारण दहा दिवसांची मुदत उलटली होती, तेव्हा घेणाऱ्यांनी ती मुदत आधी पाहावी.

प्रशिक्षकांच्या पहिल्या भेटीला आता नऊ आठवडे झाले. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी ब्रूनो पाच तासांपर्यंत एकटा राहतो. साडेचारचा झटका अजून गेलेला नाही, पण तो दहा मिनिटांवर आला आहे, आणि वहीत मी त्याची नोंद ठेवते, कारण प्रशिक्षकांना ती दर पंधरवड्याला हवी असते.