मॅलेट पटर स्वस्तात मिळतोय? पैसे पाठवण्याआधी हे वाचा

साडेसोळा हजार रुपये देऊन मी जो पटर मागवला, तो दिसायला हुबेहूब टेलरमेड कंपनीच्या स्पायडर या मॅलेटसारखा होता. (पटर म्हणजे चेंडू होलकडे, म्हणजे खड्ड्याकडे, हळूच ढकलायची गोल्फची काठी; मॅलेट म्हणजे तिचा रुंद, मोठ्या डोक्याचा प्रकार.) रंग तोच, अक्षरं तीच, डोक्यावरची पांढरी रेघही तशीच. तरीही तो नकली निघाला. सातारा, कऱ्हाड, सांगली भागात गोल्फ खेळणारे आपण मोजकेच. पटर हातात धरून बघता येईल असं दुकान इथे मला तरी सापडलेलं नाही. खेळायला पुण्याला जायचं आणि साहित्य फोनवरून मागवायचं, अशी आपल्यातल्या बहुतेकांची रीत. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, आणि त्याचा सगळा डाव त्यावरच उभा असतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मॅलेटला एवढी मागणी का आली, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. पार म्हणजे मैदान पुरं करायला अपेक्षित फटके. पार ७२च्या मैदानात अठरा होल असतात आणि प्रत्येक होलला दोन पट (पटरने मारलेले फटके) धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके, पारचा बरोबर अर्धा भाग, एकट्या पटरचे. तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर असलेला स्कॉटी शेफलरसुद्धा ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, अडखळत होता. मार्च २०२४मध्ये त्याने ब्लेड (अरुंद डोक्याचा पटर) सोडून स्पायडर मॅलेट हातात घेतला आणि त्याच आठवड्यात अर्नोल्ड पामर इन्व्हिटेशनल ही स्पर्धा पाच फटक्यांनी जिंकली. पुढे प्लेयर्स चॅम्पियनशिप आणि एप्रिलमध्ये मास्टर्सही जिंकली. त्यानंतर साध्या हौशी खेळाडूलाही हाच पटर हवासा वाटू लागला, यात नवल नाही. माझे चार-पाच फुटांवरचे पट सारखे हुकत होते, म्हणून मीही त्याच शोधात होतो.

मॅलेट चूक सांभाळून घेतो तो त्यातल्या वजनाच्या मांडणीमुळे. डोंबारी दोरीवरून चालताना हातात लांब आडवी काठी धरतो. वजन दोन्ही टोकांना गेलं की तोल सहजासहजी ढळत नाही. पटरच्या डोक्याचंही तसंच आहे. वजन मध्यापासून दुप्पट लांब नेलं तर डोकं पिळण्याला होणारा विरोध चौपट होतो, कारण त्या हिशेबात अंतराचा वर्ग येतो. मग चेंडू मध्याऐवजी अर्धा इंच टोकाकडे लागला तरी डोकं फारसं वळत नाही, चेंडू फारशी दिशा सोडत नाही आणि अंतरही फारसं कमी पडत नाही. पिंग कंपनीचे कार्स्टन सोल्हाइम मुळात अभियंते. त्यांनी १९६६च्या ॲन्सर पटरमध्ये वजन दोन टोकांकडे नेलं, ते याच कारणासाठी. मॅलेटमध्ये ते मागच्या बाजूलाही पसरवता येतं.

पण हा सगळा गुण पोटात असतो, वरून दिसत नाही. नकली करणाऱ्याला बाहेरचा आकार आणि रंग उतरवला की पुरतं. बॅट नकली असेल तर फळी तडकते, बूट नकली असेल तर तळ सुटतो. नकली पटर मात्र मोडत नाही, चेंडू ढकलत राहतो. पट हुकला की खेळणारा दोष देतो स्वतःच्या मनगटाला. एवढी सुरक्षित फसवणूक दुसऱ्या कुठल्या साहित्यात होत असेल असं मला वाटत नाही.

विकणाऱ्याने मला कुठेही घाई केली नाही, हे मुद्दाम सांगतो. एका जाहिरातीखालच्या नंबरवर मी विचारणा केली. पलीकडचा माणूस शुद्ध मराठीत बोलत होता, प्रत्येक वाक्यात ‘सर’ म्हणत होता. ‘डेमो पीस आहे सर, एका प्रो-शॉपने स्टॉक काढला, म्हणून निम्मी किंमत,’ असं कारण त्याने दिलं. माझा स्ट्रोक (पटर हलवण्याची पद्धत) सरळ रेषेत मागे-पुढे जातो, त्यामुळे मला फेस-बॅलन्स्डच, म्हणजे शाफ्ट (दांडा) बोटावर तोलला की फेस (चेंडूला लागणारी बाजू) वर बघणारा पटरच हवा, हे सांगितल्यावर त्याने उलट मलाच उंची विचारली आणि ३४ इंची शाफ्ट सुचवला. मी व्हिडिओ मागितला, तो आला. बिल मागितलं, जीएसटी क्रमांकासह फोटो आला. व्हिडिओतला पटर अस्सल होता, हे आज मी खात्रीने म्हणतो. पार्सलमध्ये आला तो दुसराच. पैसे भरताना यूपीआयवर दुकानाऐवजी एका व्यक्तीचं नाव दिसलं, तेव्हा त्याने सांगितलं, ‘कंपनीचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय सर, हे आमच्या पार्टनरचं आहे.’

पार्सल नीट बांधलेलं होतं, वर कव्हरही होतं. घरी चटईवर सराव केला, चेंडू कधी आत, कधी बाहेर. पुण्यात ग्रीनवर गेलो तर दहा फुटांवरचा जवळपास प्रत्येक पट डावीकडे. मी पकड बदलली, उभं राहण्याची पद्धत बदलली, चेंडू पुढे-मागे ठेवून पाहिला. शेवटी नेहमीच्या कॅडीने (मैदानावर साहित्य सांभाळणाऱ्या मदतनिसाने) पटर हातात घेतला, दोनदा हलवला आणि म्हणाला, ‘साहेब, हा डोक्यात हलका आहे. दुसऱ्या साहेबांचा असाच आहे, पण त्याला वजन लागतं.’ आयुष्य मैदानावर गेलेल्या त्या माणसाच्या हाताने एका क्षणात ओळखलं.

दुसऱ्या दिवशी पटर घेऊन साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेलो. त्याने गोल्फ कधी पाहिलेलंसुद्धा नाही. त्याने गुण्या (काटकोन तपासायचं साधन) काढला, एक कड पटरच्या फेसला टेकवली आणि दुसरी डोक्यावरच्या पांढऱ्या रेघेशी जुळवायला गेला. जुळेना. आठ सेंटिमीटरच्या रेघेत जवळपास तीन मिलिमीटरची तफावत. ‘अरे, ही रेघच वाकडी आहे. तू सरळ मारून काय उपयोग?’ असं तो म्हणाला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

तीन मिलिमीटर म्हणजे साधारण दोन अंश. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दोन इंचांच्या थोडं वर. दहा फुटांवरून फेस एक अंश वाकडा असला तर चेंडूचा मध्य सुमारे दोन इंच सरकतो, म्हणजे होलच्या कडेवर येतो. दोन अंश असेल तर चार इंच, साफ बाहेर. मी रेघ होलकडे धरत होतो आणि फेस बघत होता डावीकडे. चूक सांभाळून घेण्यासाठी घेतलेली वस्तू प्रत्येक पटमध्ये स्वतःच एक चूक घालत होती. माझा खरा राग पैशांपेक्षा याचा आहे. इतके महिने घडवलेला स्ट्रोक मी त्या वाकड्या रेघेपायी मोडून ठेवला, आणि तो परत बसवणं पैसे परत मिळवण्याहून अवघड आहे.

पुढचं सगळं पटापट उघड झालं. तळाशी वजनाचे दोन स्क्रू दिसत होते, ते फिरेनात, कारण ते स्क्रू नव्हतेच, डोक्यासोबतच ओतलेले उंचवटे होते. शाफ्ट बोटावर आडवा तोलला तर फेस आकाशाकडे बघायला हवा होता, तसा न राहता टो (डोक्याचं पुढचं टोक) खाली झुकला. म्हणजे फेस-बॅलन्स्ड हेही खोटंच. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर शोधला, तर तो भलत्याच धंद्यातल्या भलत्याच माणसाचा निघाला. त्या बिचाऱ्याला याची कल्पनाही नसेल.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. ‘बघून सांगतो सर’ म्हणाला आणि नंतर नंबर ब्लॉक केला.

आता कुणी दूरवरून पटर मागवणार असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, आधी तयार केलेल्या व्हिडिओवर समाधान मानू नका. व्हिडिओ कॉल लावा आणि समोर तीन गोष्टी करून घ्या: फेस आणि रेघेला गुण्या लावणं, शाफ्ट बोटावर तोलून दाखवणं, आणि तळाचा वजनाचा स्क्रू पान्याने थोडा फिरवून दाखवणं. ज्याच्याकडे अस्सल माल आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. खोक्याचा फोटो मागा. आयात केलेल्या बंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेली असणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं. जीएसटी क्रमांक पैसे देण्याआधी तपासा, पोर्टलवर तो फुकट तपासता येतो. खात्यावरचं नाव आणि बिलावरचं नाव वेगळं दिसलं तर कितीही गोड कारण दिलं तरी तिथेच थांबा. आणि पार्सल फोडताना सलग चित्रीकरण करा, सील तोडण्यापासून वस्तू बाहेर येईपर्यंत. ते असलं तर ‘आम्ही अस्सलच पाठवला होता’ असं म्हणायला कुणाला जागा उरत नाही.

मात्र अस्सल असला तरी प्रत्येक मॅलेट प्रत्येकाला चालतो असं नाही. ज्याचा स्ट्रोक कमानीत फिरतो त्याला टो थोडा झुकणारा मॅलेट बरा पडतो. म्हणून पुण्याला गेलात की ओळखीच्या खेळाडूंचे पटर मागून घ्या, मुद्दाम टोकाकडून चेंडू मारून पाहा आणि दोन पटरमध्ये चेंडू किती कमी पडतो ते मोजा. आपल्याकडचे खेळाडू याला कधी नाही म्हणत नाहीत.

फसवणूक झालीच असेल तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. माझ्या बाबतीत नकली असल्याचं कळेपर्यंत पैसे पुढे सरकून गेले होते, तरी तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि बँकेलाही लेखी कळवलं. त्याखेरीज ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विकणारा कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. माझी तक्रार मी साताऱ्यातच देतो आहे. पटर, खोकं, चॅटच्या प्रती आणि मित्राने लिहून दिलेली मापं एकत्र बांधून ठेवली आहेत. त्याच जाहिरातीवरून कुणाकडे असा पटर आला असेल तर आधी त्याला गुण्या लावा, आणि वाकडा निघाला तर तो दुसऱ्या कुणाला विकून मोकळे होऊ नका. तक्रार करा. एकाच खात्याविरुद्ध अनेक तक्रारी आल्या तर पोलिसांना त्या एकत्र जोडता येतात.