मिरजेची जवारी : परदेशातून परतलेल्या तानपुऱ्याची दुरुस्ती

परदेशातील वास्तव्य आटोपून कायमचे घरी परतणाऱ्या गाणाऱ्या माणसांपुढे सामान बांधताना एक अवघड प्रश्न असतो : जाताना नेलेला तानपुरा परत आणून दुरुस्त करावा, की तिकडेच कोणा शिकणाऱ्याला देऊन इथे नवा घ्यावा? माझा तानपुरा एडमंटनहून परत आला आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुरुस्त झाला. त्या अनुभवावरून माझे मत असे की भोपळा शाबूत असेल तर तानपुरा अवश्य परत आणावा, मिरजेला न्यावा आणि मुख्य म्हणजे त्याच्याबरोबर स्वतः जावे. गल्लीतल्या कामाला पैकीच्या पैकी गुण द्यायला मला संकोच वाटत नाही. व्यवहाराच्या रीतीला मात्र तितके देता येणार नाहीत. एकाच दुकानाचे नाव इथे घेत नाही, कारण गळ्याचा सांधा जोडणारे कारागीर वेगळे होते आणि जवारी काढणारे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून झंकार खुलवणारे, वेगळे.

कॅनडातल्या त्या भागात हिवाळाभर घरे तापवलेली असतात आणि आतली हवा कमालीची कोरडी होते. तून लाकडाची दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी) अशा हवेत आक्रसतात, खुंट्या भोकांत सैल होऊन निसटू लागतात आणि भोपळा व दांडी जिथे जोडलेली असतात तो गळ्याचा सांधा उघडू पाहतो. मग इथल्या पावसाळ्यात उलटा प्रकार सुरू होतो. तेच लाकूड ओलावा पिऊन फुगते आणि सैल खुंट्या इतक्या घट्ट बसतात की पिळायला दोन्ही हात लागतात. म्हणूनच गल्लीत पहिला सल्ला मिळाला तो काम न करण्याचा. तारा उतरवून वाद्य काही आठवडे नुसते पडू द्यावे, इथली हवा त्याला लागू द्यावी आणि मगच सांधा बसवावा, असे मला सांगण्यात आले. परतलेल्या माणसाला सगळे लगेच पूर्ववत हवे असते, त्यामुळे हा सल्ला ऐकताना मी नाखूशच होते. पण घाईने बसवलेला सांधा हवा बदलली की पुन्हा सुटतो, हे कारागिराचे म्हणणे बिनतोड होते.

मिरजेचा हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब सतारमेकर हे त्याचे मूळपुरुष मानले जातात आणि आजही बरीचशी कामे त्यांच्या वंशपरंपरेतल्या घरांतूनच होतात. भोपळे मुख्यतः पंढरपूरच्या बाजूने येतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची पाटी आता काही दुकानांवर दिसते. ज्यांच्या सुरेलपणाची आजही उदाहरणे दिली जातात ते किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले आणि 1937 मध्ये निधन झाल्यावर इथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. ज्या गावात असे कान वावरले तिथे तानपुरा ‘चालेल असा’ लावून देण्याची सोय नाही, हे गल्लीत थोडा वेळ बसले तरी कळते.

वाद्य हातात घेण्याआधी जवारी काढणारे चाचा म्हणाले, “ताई, आधी तुमचा सा लावा.” मी लावला, तो माझ्या जुन्या पट्टीत, काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतले आणि पट्टी उतरवून पुन्हा लावायला सांगितले, मग आणखी थोडी उतरवून. वयाबरोबर आवाज खाली आला आहे आणि आता काळी चार योग्य, असा त्यांनी निर्णय दिला. परदेशात इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचे बटण फिरवून कोणतीही पट्टी मिळत असल्याने मी वर्षानुवर्षे जुन्याच पट्टीला धरून बसले होते आणि गळा ताणत होते. यंत्र त्याबद्दल काही बोलणार नव्हते. पट्टी पूर्ण एक स्वर उतरली म्हणजे जुन्या तारा ढिल्या पडून निर्जीव वाजणार, म्हणून चारही तारा थोड्या जाड मापाच्या घातल्या गेल्या.

यानंतरची जवारी हा या सेवेचा खरा गाभा आहे. घोडीचा पृष्ठभाग दिसायला सपाट, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि मूळ स्वरासोबत वरचे स्वयंभू स्वर उमटू लागतात. कानसेने एक-दोन हात फिरवायचे, तार चढवून ऐकायचे, तार उतरवून पुन्हा घासायचे, असे प्रत्येक तारेसाठी चालू होते. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवून आवाज जिथे सर्वांत खुलतो ती जागा शोधली जाते. केसभर पुढेमागे झाला तरी झंकार बंद होतो किंवा नुसता किणकिणाट उरतो. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या, तारेतून गांधार (ग हा स्वर) स्पष्ट ऐकू येईपर्यंत चाचा थांबले नाहीत. यंत्रावर इतकी वर्षे गाऊन तो गांधार मी जवळजवळ विसरले होते. तो आपला आपण ऐकू आला तेव्हा पुढचे काही बोलणे मला सुचेना, आणि चाचांनी मात्र शांतपणे दुसरी घोडी घासायला घेतली, कारण मागे आणखी गिऱ्हाइके बसली होती.

आता तक्रार. कामाचा अंदाज तोंडी मिळतो, तारीख तोंडी मिळते आणि दोन्ही पुढे सरकतात. लांबून येणाऱ्याला राहण्याचा आणि प्रवासाचा हिशेब करावा लागतो, तेव्हा एक साधी लिखित पावती तरी मिळायला हवी. पॉलिश करून घेण्याचा आग्रहही होतो. ते देखणे असते, परंतु आवाजाशी त्याचा फारसा संबंध नाही. नको असल्यास तसे आधीच सांगावे, त्याचा राग कोणी मानत नाही. एकूण खर्च नव्या तानपुऱ्याच्या मानाने बराच कमी आला.

कुरियरने वाद्य पाठवून काम करून घेणारेही आहेत. सांधा, खुंट्या आणि चिरा यांच्यासाठी ते ठीक आहे. जवारी मात्र गाणाऱ्याच्या गळ्याला जुळवून काढायची असल्याने समोर बसणे आवश्यक ठरते. परत नेताना तारा उतरवून ठेवाव्यात, भोपळ्याभोवती जाड कापड गुंडाळावे आणि रेल्वेत वाद्य बाकाखाली न सारता आपल्या बर्थवर आडवे ठेवावे, मग आपल्याला रात्र बसून काढावी लागली तरी. रोजच्या रियाजाने तारा पुढे घोडीत बारीक खाचा पाडतात आणि जवारी हळूहळू बंद होते. त्या वेळी सुटी घोडी पिशवीत घालून नेऊ नये. ती ज्या तबलीवर बसते त्या तबलीसकट, म्हणजे अख्खा तानपुरा, पुन्हा मिरजेला न्यावा.