अप्रेंटिसशिप अर्ध्यावर असताना आस्थापना बदलणे : करार वर्ग करावा की रद्द करून नवा करावा?

आयटीआय उत्तीर्ण होऊन टर्नर, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन या व्यवसायात शिकाऊ उमेदवारी करणाऱ्या मुलामुलींपुढे कधी कधी मध्यावरच आस्थापना बदलण्याचा प्रश्न उभा राहतो. कारखाना बंद पडतो, विभाग दुसऱ्या गावी हलतो, किंवा शिकवणे बाजूला राहून नुसती हमाली करून घेतली जाते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ मध्ये अशा वेळेसाठी दोन मार्ग आहेत. कलम ५ नुसार चालू करार दुसऱ्या मालकाकडे वर्ग करून घेता येतो. कलम ७ नुसार करार मुदतीपूर्वी संपुष्टात आणून नव्या मालकाशी नवा करार करता येतो. वरवर पाहता दोहोंचा शेवट सारखाच वाटतो, परंतु आतापर्यंत केलेल्या प्रशिक्षणाचे महिने हिशेबात धरले जातील की नाही, हे कोणता मार्ग निवडला यावरच ठरते.

कलम ५ नुसार, सध्याचा मालक कोणत्याही कारणाने कराराच्या अटी पाळू शकत नसेल, आणि तो, उमेदवार (अल्पवयीन असल्यास पालक) व नवा मालक हे तिघे सहमत असतील, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या (या अधिनियमाखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या) मान्यतेने उरलेल्या मुदतीपुरता करार नव्या मालकाकडे जातो. ‘उरलेल्या मुदतीपुरता’ हीच या मार्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, कारण झालेला काळ वाया जात नाही आणि कोणाची चूक होती हे सिद्ध करत बसावे लागत नाही. मात्र याच कलमातील एक तरतूद उमेदवारांच्या सहसा लक्षात येत नाही : नव्या कराराची नोंदणी झाली की त्या तारखेपासून जुना करार संपतो आणि त्याखालील कोणतीही जबाबदारी एक पक्ष दुसऱ्यावर लादू शकत नाही. म्हणून थकलेले विद्यावेतन असेल, तर ते खात्यात जमा झाल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मालक भला असला तरीही हा क्रम बदलू नये.

दुसरा मार्ग, म्हणजे कलम ७ चा, जुन्या मालकाच्या संमतीवर अवलंबून नाही. दोहोंपैकी कोणताही पक्ष सल्लागारांकडे अर्ज करू शकतो. सल्लागार दुसऱ्या पक्षाचे म्हणणे विचारात घेतात आणि अटींचा भंग झाल्याची खात्री पटल्यास करार लेखी आदेशाने संपुष्टात आणतात. कसूर मालकाची ठरली, तर शेवटच्या विद्यावेतनाच्या तिप्पट, म्हणजे तीन महिन्यांची रक्कम भरपाई म्हणून मिळते. कसूर उमेदवाराची ठरली, तर सल्लागार ठरवतील तो प्रशिक्षणाचा खर्च मालकाला परत करावा लागतो. पूर्वीचा काळ नव्या करारात धरण्याची परवानगीही सल्लागार देऊ शकतात, परंतु जुने प्रशिक्षण आधीच्या मालकाच्या चुकीमुळे अपुरे राहिले याची त्यांची खात्री पटली तरच. ती पटवून देण्याचे काम व्यवहारात उमेदवारावरच येऊन पडते.

येथे कामाची नोंदवही निर्णायक ठरते. टर्नरच्या नोंदवहीत कोणत्या तारखेला प्लेन टर्निंग केले, कोणत्या तारखेला टेपर, आटे कधी पाडले आणि प्रत्येक नोंदीपुढे सुपरवायझरची सही आहे का, हे सल्लागारांना एका दृष्टिक्षेपात दिसते. सलग अनेक आठवडे ‘साफसफाई’ किंवा ‘पॅकिंग’ एवढेच लिहिलेले असेल, तर तीच वही मालकाविरुद्धचा पुरावा बनते. पण उमेदवाराने समजूतदारपणा म्हणून न झालेल्या कामाच्या नोंदी भरून ठेवल्या असतील, तर तीच वही त्याच्या विरोधात जाते. आस्थापना सोडण्यापूर्वी वहीच्या प्रत्येक पानाची छायाप्रत काढून ठेवावी.

कंटाळून किंवा चार पैसे जास्त मिळतात म्हणून कामावर जाणेच बंद करणे हा तिसरा मार्ग वाटतो खरा, पण तो मी कोणालाही सुचवणार नाही. त्यात कसूर उमेदवाराचीच दिसते, झालेले महिने हातचे जातात आणि जुना करार नोंदीत तसाच उघडा राहिल्याने नवा करार करतानाही अडचण येते.

जुना मालक सहकार्य करणारा असेल, तर मी नि:शंकपणे कलम ५ चा मार्ग सुचवेन, भरपाई मिळत नसली तरीही. तीन महिन्यांच्या विद्यावेतनापेक्षा वाचलेले प्रशिक्षणाचे वर्ष मोलाचे असते. मालक सहीच करत नसेल, किंवा कारखान्याला टाळे लागून तो भेटतच नसेल, तेव्हा कलम ७ कडे वळावे, आणि अर्जातच पूर्वीचा काळ धरण्याची विनंती स्पष्ट शब्दांत करावी.

नवी आस्थापना निवडताना विद्यावेतनाआधी दोन गोष्टी पाहाव्यात. व्यवसाय तोच असावा आणि अभ्यासक्रमाचा उरलेला भाग तेथे खरोखर शिकवला जावा. जेथे केवळ सीएनसी (संगणकाने चालणारी) यंत्रे आहेत, तेथे साध्या लेथवरील राहिलेला सराव होणार नाही आणि अखेरच्या परीक्षेत ती उणीव उघडी पडेल. ‘पुढे कायम करू’ या तोंडी आश्वासनावरही विसंबू नये. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारांच्या भरतीचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवायचे असते, तेव्हा ते धोरण लेखी दाखवण्याची विनंती करण्यात गैर काहीच नाही.

कराराबाबत वाद उत्पन्न झाल्यास तो सल्लागारांकडेच जातो आणि त्यांचा निर्णय मान्य नसल्यास तो कळवल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे अपील करता येते, म्हणून निर्णयाचे पत्र ज्या दिवशी हाती पडले, ती तारीख पत्रावरच लिहून ठेवावी.