मानेतली शीर बंद नव्हतीच

अंधाऱ्या खोलीत माझ्या मानेवर गार जेल लावलं, सोनोग्राफीचा प्रोब टेकवला आणि स्क्रीनकडे बोट करून डॉक्टर म्हणाले, "बघा, शीर चपटी झालीये. मेंदूतलं रक्त खाली उतरायला वाटच नाही." मी पाहिलं. खरंच, काळा गोल बसत बसत नुसती रेघ उरली होती. नऊ वर्षं एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, सोसल्यावर कोणी आजाराचं कारणच डोळ्यांपुढे ठेवलं, की माणूस विचार करायचा थांबतो. सही करायला पेन मीच मागून घेतलं.

समजावलं ते असं. मानेतल्या शिरा अरुंद झाल्या की मेंदूत रक्त तुंबतं, लोह साचतं, त्यातून मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं. शिरेत फुगा घालून ती रुंद केली की आजार थांबला. तुंबलेली मोरी मोकळी करावी तितकं सोपं. पुरावा म्हणून टेबलावर इटलीच्या फेरारा विद्यापीठातले सर्जन पाओलो झांबोनी यांचा २००९ चा शोधनिबंध होता, पिवळ्या मार्करनं रंगवलेला. तो खराच आहे. झांबोनींनी ही कल्पना मांडली होती.

पण मी गेले २०१९ मध्ये, आणि पुढचे कागद कोणी टेबलावर ठेवलेच नाहीत. २०१३ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं, की अशा अरुंद शिरा एमएसच्या ७४ टक्के रुग्णांत सापडल्या, तशाच आजार नसलेल्या, रुग्णांशी नातंही नसलेल्या ७० टक्के लोकांतही. २०१७ मध्ये तर खुद्द झांबोनींच्या चाचणीचा निकाल आला. ११५ रुग्ण, काहींना खरा फुगा, काहींना फक्त तसा देखावा, आणि आपल्याला काय झालंय हे रुग्णांना ठाऊक नाही. वर्षानं पाहिलं तर फायदा शून्य. एमएससाठी हा उपचार सुचवता येत नाही, हे त्यांनीच लिहिलं. त्यांचं पहिलं पान दाखवून माझ्याकडून पैसे घेतले, शेवटचं लपवून.

शिरेत फुगा घालून घेतल्यावर पहिले तीन आठवडे मी हवेत होते. पायांतल्या मुंग्या कमी, थकवा कमी. अकराव्या दिवशी क्लिनिकवाल्यांनी जिना चढतानाचा माझा व्हिडिओ काढला. आमचा आजार असाच आहे, आपोआप ओसरतो आणि आपोआप उसळतो, आणि एवढा खर्च केल्यावर बरं वाटतंही. मला हे माहीत होतं. त्या तीन आठवड्यांत आठवलं नाही इतकंच.

सगळ्यात महागात पडलं ते त्यांचं एक वाक्य: "आता गोळ्यांची गरज नाही." पाचव्या महिन्यात उजवा डोळा हलवला की दुखू लागला. त्या डोळ्यानं लाल ओढणी विटकरी दिसायची. डोळ्याच्या नसेला सूज होती; एमएस पुन्हा उसळला होता. क्लिनिकला फोन केला, तर उत्तर तयार: शीर पुन्हा बसली असेल, या वेळी स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालू. शिरेतला स्टेंट सरकतो, गुठळ्या होतात, रुग्ण दगावलेतही, म्हणून औषधं आणि उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं २०१२ मध्येच इशारा दिला होता. हे मला माझ्या न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं. त्यांच्यापासून मी सगळं लपवलं होतं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यांनी दुसरीकडे सोनोग्राफीला पाठवलं. तिथल्या बाईंनी प्रोब जरा दाबला. काळा गोल बसला, रेघ उरली. तीच रेघ! मग हात सैल सोडून म्हणाल्या, "श्वास रोखा." शीर टम्म फुगली. "मानेतली शीर अशीच असते. दाबली, उभं राहिलं, की चपटी होते. तुमची, माझी, सगळ्यांचीच."

रंग अजून पूर्ण परतले नाहीत. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. तो व्हिडिओ काढून टाका म्हणून मी क्लिनिकला चारदा लिहिलंय. परवा एका मुलीचा निरोप आला: ताई, तुम्हाला जिना चढताना पाहिलं, मीही तारीख घेतलीये.