दमेकऱ्यांच्या तालमीत आठ आठवडे

धापेच्या रोग्यांसाठीच्या व्यायामवर्गाला मी जाऊन आलो. फी आधी सांगतो, कारण आपल्याकडं पहिला प्रश्न तोच असतो. आठ आठवड्यांचे चार हजार रुपये, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेदहा ते साडेअकरा. सुरुवातीची आणि शेवटची तपासणी त्यातच धरलेली. केंद्र कोल्हापुरातलंच आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि तिथली मंडळी रोजच्या ओळखीची.

माझं दुखणं सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. गावात सगळे त्याला दमाच म्हणतात. डॉक्टर म्हणतात, दम्यात आवळलेल्या नळ्या औषधानं बऱ्यापैकी मोकळ्या होतात, यात तशा होत नाहीत. विडी-सिगारेटला मी कधी शिवलो नाही. पण वडिलांपासून आमचं गुऱ्हाळ, आणि दरसाल दसऱ्यानंतर सगळा हंगाम चुलवाणापुढं चिपाडाच्या धुरात गेलेला. डॉक्टरांनी तोंडानं औषध ओढायचा पंप दिला आणि चिठ्ठीवर खाली ‘पल्मनरी रिहॅबिलिटेशन’ असं लिहिलं. म्हणजे हा वर्ग.

आमच्याकडं व्यायाम म्हणजे तालीम. जोर, बैठका, अंगाला माती आणि घाम निथळेपर्यंत मेहनत. इथं बघतो तर ओळीनं प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडकीला अडकवलेले रबरी पट्टे आणि भिंतीवर एक तक्ता. माझ्याबरोबर आलेला पुतण्या हसायलाच लागला. पण खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, परत उठायचं, हे एक मिनिटभर करून बघा. बैठकाच आहेत त्या, फक्त पडायची भीती काढून घेतलेल्या.

पहिल्या दिवशी सहा मिनिटं चालायला लावतात. तीस मीटरचा सरळ पट्टा, दोन्ही टोकांना खुणा, आणि घड्याळ घेऊन उभी एक मुलगी. जमेल तेवढं अंतर कापायचं, पळायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेकून थांबायला मुभा आहे, पण घड्याळ थांबत नाही. मुलगी दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य बोलते, त्याच्यापलीकडं शब्द नाही. मला वाटलं घुमी आहे. नंतर कळलं, जास्त प्रोत्साहन दिलं की माणूस जास्त चालतो आणि आकड्याला अर्थ राहत नाही. थोडी विश्रांती देऊन हेच पुन्हा करायला लावतात, कारण दुसऱ्या खेपेला सरावानंच अंतर वाढतं. माझं आलं 285 मीटर. शेवटच्या आठवड्यात 342. साधारण तीस मीटरचा फरक पडला की तो माणसाला रोजच्या हालचालीत जाणवतो असं धरतात, त्या हिशेबानं माझं बरं झालं.

फुंकून करायच्या तपासणीचा आकडा मात्र होता तिथंच आहे. हे केंद्रानं पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं, आणि माझ्या लेखी त्यांचे निम्मे गुण इथंच झाले. बिघडलेली फुप्फुसं व्यायामानं दुरुस्त होत नाहीत. दुरुस्त होतात ते पाय. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, बसून मांड्या झिजतात, झिजलेल्या मांड्यांना तेवढाच चढ चढायला जास्त हवा लागते, मग धाप आणखी वाढते आणि माणूस आणखी बसतो. हे चक्र पायांकडून तोडायचं. कुणी फुप्फुसं नवी करून देतो म्हणत असेल तर तिथून चप्पल घालून सरळ उठून यावं.

भिंतीवरचा तक्ता शून्य ते दहाचा. दम किती लागलाय ते आपणच सांगायचं. तक्ता होता इंग्रजीत, आणि ‘सिव्हिअर’ आणि ‘व्हेरी सिव्हिअर’ यांत आमच्या बॅचमधल्या कुणालाच फरक कळेना. मी कुरकुर केल्यावर शिकवणाऱ्या मॅडमनी हातानं मराठी तक्ता लिहिला: गप्पा मारता येतात, वाक्य तुटतं, शब्द तुटतो. व्यायाम करताना चार-पाचच्या आसपास राहायचं. शून्यावर राहिलात तर फायदा नाही, आठावर गेलात तर दुसऱ्या दिवशी येणार नाही. गुऱ्हाळात गुळव्या काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी दाबतो आणि काहील उतरवायची वेळ झाली का ते सांगतो. मॅडम आम्हाला आमच्याच श्वासाचे गुळवे करत होत्या.

सुरुवातीला त्या सगळं मोजून देत. पट्टा इतक्यांदा, खुर्ची इतक्यांदा. पुढं मोजणं कमी होत गेलं आणि, ‘काका, आज किती करायचं ते तुम्हीच ठरवा,’ असं सुरू झालं. दोघेतिघे वैतागले. पैसे आम्ही दिले, मग ठरवायचं तुम्ही, असं त्यांचं म्हणणं. मला हाच भाग सगळ्यात किमती वाटला. ढगाळ दिवशी, झोप नीट न झालेल्या दिवशी निम्मंच करायचं, पण करायचं. आणि खोकल्याचा बेडका वाढला, त्याचा रंग हिरवा-पिवळा झाला, नेहमीपेक्षा धाप वाढली, तर व्यायाम बंद आणि आधी डॉक्टर. साधा वाईट दिवस कोणता आणि दुखणं उसळल्याचा दिवस कोणता, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं. औषधाच्या चिठ्ठीत तेवढी जागा नसते.

श्वासाचं तंत्रही शिकवतात. नाकानं घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळू सोडायचा, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ. आमच्यासारख्यांची अडचण हवा आत जाण्यापेक्षा बाहेर निघण्याची असते. जुनी हवा अडकून राहते म्हणून नवीला जागा होत नाही. जड उचलायचं ते श्वास सोडताना. कागलकडच्या एक काकू होत्या, जन्मभर चुलीपुढं बसलेल्या. त्यांना वेणी घालताना मध्येच थांबावं लागायचं. हात डोक्यावर गेले की मानेखांद्याचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात तेच हातांना धरून ठेवण्यात अडकतात, असं मॅडमनी समजावलं आणि कोपरं टेबलावर टेकवून वेणी घालायला लावली. नंतर काकू कुणालाही भेटल्या की आधी वेणीचं सांगायच्या.

एकाच खोलीत सगळे, पण सगळ्यांना एकच माप नाही, हे बघून बरं वाटलं. एकांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्या गोळ्या नाडी फारशी वाढू देत नाहीत, म्हणून मनगटावरच्या घड्याळातला ठोक्यांचा आकडा त्यांच्या कामाचा नाही. त्यांनीही तक्त्यावरच चालायचं. साखरेवाल्यांना सुरू करण्याआधी साखर किती ते विचारतात आणि बूट काढून तळवे बघतात.

आता तक्रारी. वर्ग पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही! धापेच्या रोग्यांना जिना चढवून वर आणायचं आणि लगेच बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावून आकडा कमी का म्हणून विचारायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं कुणास ठाऊक. दर गुरुवारी दाराशी दत्ताच्या फोटोपुढं उदबत्ती. सांगितलं की एक गुरुवार बंद, पुढच्या गुरुवारी परत धूर. घरी करायच्या व्यायामाचा कागद परदेशी छापाचा, त्यात बर्फातले कोट घालून चालणारी जोडपी. आमच्या बांधावरून चिखलात कसं चालायचं ते त्यात नाही. काउंटरवर प्रोटीन पावडरचे डबे मांडलेत आणि दर भेटीला विचारतात. कुणी घेतलेला मी पाहिला नाही.

ते बोटाचं यंत्रही काउंटरवर मिळतं, पण औषधाच्या दुकानात स्वस्त आहे, तिथूनच घ्या. थंड बोटावर, मेंदी किंवा नेलपॉलिश लावलेल्या बोटावर ते खोटं बोलतं. चालता चालता हात हलत असतानाही आकड्यावर विश्वास ठेवू नका. थांबून, हात स्थिर धरून, आकडा एका जागी ठरला की मग वाचायचा. मला डॉक्टरांनी 88 च्या खाली गेलं की थांबायला सांगितलंय. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

आठ आठवडे संपल्यावर महिन्याच्या बाराशे रुपयांत पुढं चालू ठेवा म्हणाले. मी घेतलं नाही. खुर्ची घरात आहे, पट्टा घेतलाय, सकाळी कॅनॉलच्या कडेनं चालतो. चुलवाण मुलाकडं दिलं आणि मी मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला जातो. तिथं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायचे नसतात, नुसतं उभं राहून भाव ऐकायचा असतो. पण एकट्याला घरी जमणार नसेल तर बाराशे भरा, कारण सोडून दिलं की कमावलेलं हळूहळू ओसरतं आणि वर्षभरात बरंचसं जातं. हेही त्यांनीच सांगितलंय.

बरोबरीच्या माणसांसोबत चालताना तुम्हाला मागं राहावं लागत असेल तर जा. पंप खिशात असू द्या, आणि व्यायामाआधी ओढायला सांगितलं असेल तर ओढूनच जा. भरपेट जेवून जाऊ नका. पायात बूट घाला. पायताण घालून गेलात तर बूट आणायला परत पाठवतात, आणि मग तो जिना दुसऱ्यांदा चढावा लागतो.