कोचला आत्ताच काढायचं, की निकाल लागेपर्यंत थांबायचं?

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल पाहणाऱ्याला २६ सप्टेंबर २०१७ हा दिवस वेगळा सांगायला नको. कोचना आणि खेळाडूंच्या घरच्यांना गुपचूप पैसे दिल्याच्या प्रकरणात न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी त्या दिवशी दहा जणांवर आरोप ठेवले. त्यात चार असिस्टंट कोच होते आणि आदिदासचा एक बडा अधिकारी. त्यानंतर बऱ्याच विद्यापीठांपुढे प्रश्न एकच होता, पण उत्तरं निरनिराळी आली. लुईव्हिलने आपले हेड कोच रिक पिटिनोंना तीन आठवड्यांच्या आत घरी पाठवलं. अॅरिझोनाने त्यांचे हेड कोच शॉन मिलरना साडेतीन वर्षं ठेवून मग काढलं. कॅन्ससने त्यांच्या बिल सेल्फना काढलंच नाही.

तुम्ही एखाद्या कॉलेजच्या ट्रस्टी मंडळावर किंवा अॅथलेटिक्स समितीवर असाल (आपली मंडळी हल्ली तिथेही दिसतात), तर कधी ना कधी हे पान तुमच्यासमोर उघडेल. मी प्राध्यापकांचा प्रतिनिधी म्हणून अशा एका समितीवर होतो. कॉलेज छोटं, सामने टीव्हीवर क्वचितच. एका खेळाडूच्या वडिलांचं घरभाडं एक बूस्टर (संघाला पैसे पुरवणारा हौशी पाठीराखा) भरतो अशी तक्रार आली. मध्यस्थ असिस्टंट कोच होता, आणि हेड कोच म्हणाले, मला काहीच माहीत नव्हतं. आम्ही आधी थांबलो आणि नंतर त्यांना काढलं. त्यामुळे दोन्ही रस्त्यांवरून थोडं थोडं चालून झालंय.

आधी थांबण्याच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू वाटते तेवढी लेचीपेची नाही. पिटिनोंवर फौजदारी आरोप कधीच ठेवला गेला नाही. ब्रायन बोवेन या खेळाडूच्या घरच्यांना एक लाख डॉलर देण्याचं जे प्रकरण होतं, त्याचा निकाल स्वतंत्र लवादाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. लुईव्हिलला दोन वर्षांचं प्रोबेशन आणि पाच हजार डॉलर दंड. पिटिनोंना वैयक्तिक शिक्षा काहीच नाही. तोवर ते ग्रीसला जाऊन, परत येऊन, आयोना कॉलेजात रुळलेसुद्धा होते. घाईत काढलं आणि मागाहून माणूस सुटला, तर काय? हा प्रश्न झटकून टाकता येत नाही.

कॅन्ससचं पारडं तर कागदावर त्याहून जड आहे. त्यांनी आरोप झेलले आणि एप्रिल २०२१ मध्ये सेल्फना तहहयात करार दिला. चालू चौकशीतून काहीही निघालं तरी त्या कारणावरून त्यांना बडतर्फ करता येणार नाही, असं कलमही त्यात घातलं. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा २०१७-१८ चे पंधरा विजय आणि त्या वर्षीची फायनल फोर (राष्ट्रीय स्पर्धेतली शेवटच्या चार संघांतली जागा) पुसली गेली, पण पोस्टसीझनची, म्हणजे सीझनअखेरच्या स्पर्धांची, बंदी लागली नाही. आकडे बघून ठरवणारा माणूस इथेच थांबेल.

मी तिथे थांबलो नाही, आणि त्याचं कारण आकड्यांत सापडत नाही.

आमचे कोच पदावर होते त्या काळात रिक्रूटिंग, म्हणजे नव्या खेळाडूंची भरती, चालूच होतं. ते कोणाला थांबवता येत नाही, शेजारचं कॉलेज थांबत नसतं. मुलगा आईवडिलांना घेऊन कॅम्पस बघायला येतो, जिम बघतो, जेवतो, आणि शेवटी आई विचारते, 'पुढच्या वर्षी हे सर असतील ना?' या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. वकिलाने वाक्य पढवून ठेवलं होतं : चौकशी चालू असल्यामुळे यावर बोलता येणार नाही. ते वाक्य पत्रकाराला फेकून मारायला ठीक आहे. सतरा वर्षांच्या पोराच्या आईला, तिच्या डोळ्यांत बघून, ते सांगून पाहा. कोच स्वतः तर 'हो, असेन' म्हणून मोकळे व्हायचे. म्हणजे ज्याच्या खुर्चीचा भरवसा नाही, तोच त्या खुर्चीची हमी देत होता, आणि आम्ही बाजूला बसून चहा पीत होतो. असिस्टंट कोचने काय केलं, बूस्टरने किती भरले, हे सगळं मी कदाचित पचवलं असतं. हे मात्र दर भेटीत टोचायचं.

मोठ्या विद्यापीठांत वेगळं काय झालं? अॅरिझोनाने २०२०-२१ च्या सीझनला स्वतःहून पोस्टसीझन बंदी लावून घेतली. त्या संघातली बहुतेक मुलं प्रकरण घडलं तेव्हा शाळेत होती. एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) हेड कोच विल वेडना २०१९ मध्ये निलंबित करून पाच-सहा आठवड्यांत परत घेतलं. मात्र करारात अट घातली की एनसीएएची (कॉलेज खेळांचे नियम सांभाळणारी संस्था) गंभीर आरोपांची नोटीस आली तर काढता येईल. नोटीस आली २०२२ च्या मार्चमध्ये. वेडना काढलं १२ मार्चला, म्हणजे एनसीएए टूर्नामेंटची जोडणी जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी! संघ सहाव्या सीडवर गेला आणि पहिल्याच फेरीत आयोवा स्टेटकडून हरला. वेडबद्दल मला फारशी सहानुभूती नाही, पण त्या खेळाडूंनी काय केलं होतं? थांबायचं ठरवलं की काढायची तारीख तुमच्या हातात राहत नाही, ती दुसऱ्याच्या लिफाफ्यातून येते.

'निकाल लागू द्या' म्हणणाऱ्यांनी निकालांच्या तारखाही बघाव्यात. लुईव्हिल आणि अॅरिझोनाचे लागले २०२२ च्या अखेरीस, कॅन्ससचा २०२३ मध्ये. कोर्टाचं म्हणाल, तर तिथे ऑक्टोबर २०१८ मध्येच तिघे दोषी ठरले, पण तिथल्या खटल्यात विद्यापीठं ही फसवणुकीची बळी होती. एनसीएएपुढे तीच आरोपी! तेव्हा कोणाचा निकाल धरून बसायचं, हेही आधी ठरवावं लागतं.

लुईव्हिलकडे एक गोष्ट होती, जी आमच्याकडे नव्हती. पिटिनोंच्या आधीच्या प्रकरणात (वसतिगृहात रिक्रूट मुलांसाठी बायका आणल्याचं ते किळसवाणं प्रकरण) एनसीएएने जून २०१७ मध्येच त्यांना लक्ष न ठेवल्याबद्दल पाच सामन्यांचं निलंबन दिलं होतं. त्यामुळे २७ सप्टेंबरला बिनपगारी रजा आणि १६ ऑक्टोबरला एकमताने बडतर्फी, याला पाया होता. पिटिनोंनी जवळपास चार कोटी डॉलरचा दावा लावला. २०१९ मध्ये तडजोड झाली : पैसे शून्य, फक्त नोंद 'बडतर्फ'ची 'राजीनामा' अशी बदलली. आमच्याकडे असा पाया नसल्यामुळे आम्ही बायआउट (करार मुदतीआधी संपवण्याची रक्कम) देऊन मोकळे झालो. पैसे गेले. एका ट्रस्टींना ते आजही खुपतात, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही.

काढल्यावर संघ बसतो, हेही ऐकाल. लुईव्हिलचे २०२२-२३ मधले चार विजय आणि अठ्ठावीस पराभव तोंडावर मारले जातील. पण पिटिनो गेल्यावर लगेचच्या सीझनमध्ये बत्तीस वर्षांच्या डेव्हिड पॅजेटने, हंगामी कोच असून, बावीस सामने जिंकून दिले होते. चार विजयांचं वर्ष त्यानंतर दोन कोच बदलून आलं. आणि अॅरिझोना? मिलर गेल्यावर टॉमी लॉइडच्या पहिल्या वर्षात ३३ विजय, ४ पराभव.

आता कोणी म्हणेल, २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव-चेहरा जाहिरातीत वापरू देण्याचे पैसे घेता येतात, २०२५ पासून विद्यापीठंच उत्पन्नातला वाटा देऊ शकतात, मग जुन्या पैशांवरून आता कोणाला काढायचं कशाला? मुद्दा बरोबर आहे. आमच्या समितीतही पैशांवर वाद फारसा झालाच नाही. हेड कोचच्या खाली काय चाललंय ते त्याला माहीत नसतं, की तो माहीत करून घेत नाही, यावर झाला.

तुमच्याकडे कॅन्सससारखी वकिलांची फौज आणि सेल्फसारखा कोच असेल, तर माझं ऐकू नका. नसेल, तर सीझन सुरू होण्याआधी काढा, आणि आरोपपत्रावरून काढू नका; त्या दिवशी तुमच्या हातात जे सिद्ध आहे तेवढ्यावरच काढा. ते पुरेसं नसेल तर बायआउट द्या. हंगामी कोचला पूर्ण सीझनचा कागद द्या, महिन्या-महिन्याचा नको. आणि मंडळात मतं फुटून थांबायचंच ठरलं, तर निदान सही करायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला लेखी कळवा की चौकशी चालू आहे, आणि कोच गेले तर त्याला सहीतून मोकळं करू. आमच्या वकिलाचा याला विरोध होता. तुमच्या वकिलाचाही असेल.